गॅरेजची खोली करण्यापूर्वी

पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर या शहरांतल्या जुन्या बंगला-वसाहतींत आणि रो-हाउसच्या गल्ल्यांत तळमजल्याचे शटर आता अनेक घरांना उरलेले नाही. गाडीसाठी बांधलेल्या जागेत कुठे शिकवणीचा वर्ग भरतो, कुठे दातांचा दवाखाना चालतो, कुठे पोळी-भाजी केंद्र, कुठे ब्युटी पार्लर. जिना चढणे जमेनासे झालेल्या आईवडिलांची खोली काही घरांनी तिथेच केली आहे. काहींनी एका कोपऱ्यात संडास-बाथरूम काढून ती जागा विद्यार्थ्यांना भाड्याने दिली आहे. यातल्या फार थोड्या मालकांनी महापालिकेकडे अर्ज केलेला असतो. त्यांचे म्हणणे साधे असते: जागा माझी, भिंती आधीच्याच, छत आधीचेच, नवे बांधकाम इंचभरही नाही, मग परवानगी कशाची? हा प्रश्न वरवर जितका बिनतोड दिसतो तितका तो नाही. कायदा, बांधकामाची शास्त्रे आणि न्यायालयांचे निर्णय एकत्र ठेवून पाहिले की माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. गॅरेजची खोली करायला परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. पण आज ती मिळवण्याची वाट अशी आहे की प्रामाणिक माणूसही तिच्याकडे पाठ फिरवतो, आणि त्यामुळे ज्या सुरक्षिततेसाठी हे नियम केले तीच हातची जाते.

सुरुवात कायद्यापासून करू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या संज्ञेची व्याख्या केवळ विटा-सिमेंटपुरती नाही. इमारतीत किंवा जमिनीत केलेला महत्त्वाचा बदल हा विकास आहे, आणि त्यांच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही विकासच आहे. एकही वीट न हलवता गॅरेजमध्ये दुकान थाटले, तरी या व्याख्येने तो विकास ठरतो आणि त्याला परवानगी लागते. याला उत्तर म्हणून मालकांचे वकील कलम ४३ मधल्या अपवादांकडे बोट दाखवतात. इमारतीच्या फक्त आतल्या भागावर परिणाम करणारी किंवा बाह्यरूपात फारसा फरक न पाडणारी डागडुजी आणि सुधारणा यांना वारसा इमारती वगळता परवानगी लागत नाही, असे तिथे म्हटले आहे. राहत्या घराच्या वापराला पूरक अशा कामासाठी घराला लागून असलेली इमारत वा जमीन वापरण्यासही तिथे सूट आहे. गॅरेजमध्ये अभ्यासाचे टेबल टाकले, मुलांची कॅरम-टेबल टेनिसची जागा केली, जुने कपाट ठेवले, तर ही सूट लागू होते असे मानायला जागा आहे. पण शटर काढून भिंत बांधली आणि तिला खिडकी बसवली की घराचे दर्शनी रूप बदलते. तिथे भाडेकरू ठेवला किंवा दवाखाना काढला की वापर पूरक राहत नाही, स्वतंत्र होतो. आतल्या कामाची सूट कामाच्या स्वरूपापुरती आहे. वापर बदलला की ती ढाल होत नाही.

हे अपवाद इंग्लंडच्या कायद्याशी जवळजवळ शब्दशः जुळतात, म्हणून तिथला अनुभव पाहण्याजोगा आहे. तिथे घराला जोडलेल्या गॅरेजची खोली करायला बहुतेक वेळा नियोजनाची वेगळी परवानगी लागत नाही. बांधकामाच्या नियमांखालची मंजुरी मात्र चुकत नाही: पाया, ओल, उष्णतारोध, वायुवीजन, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट, सगळे तपासले जाते. शिवाय मूळ घराला मंजुरी देताना ‘हे गॅरेज गाडीसाठीच राखावे’ अशी अट घातलेली असेल, तर ती उठवून घेतल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. म्हणजे तिथे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात. या जागेत हा वापर चालेल का, हा एक. आणि ही जागा माणसाला राहण्याजोगी आहे का, हा दुसरा. आपल्याकडे या दोहोंची सरमिसळ होते, आणि बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

आपल्याकडे यात तिसरा प्रश्न मिसळतो तो चटई क्षेत्राचा, म्हणजे एफएसआयचा. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल याची मर्यादा ठरलेली असते. मुंबई आणि मोजके प्रदेश वगळून राज्यभर डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे युडीसीपीआरमध्ये, दाटीवाटीच्या गावठाण भागाबाहेर मूळ निर्देशांक साधारण १.१ आहे; त्यावर अधिमूल्य भरून किंवा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घेऊन वाढ मिळते. या मोजणीतून पार्किंगची जागा वगळलेली असते. स्टिल्ट (इमारतीखालचा खांबांवरचा मोकळा तळमजला), तळघर, पोडियम यांतला गाड्यांसाठीचा भाग एफएसआयमध्ये धरत नाहीत. ही सवलत फुकटची देणगी नाही. तुमच्या घरच्या गाड्या रस्त्यावर येणार नाहीत एवढ्या बोलीवर शहराने तुम्हाला ते क्षेत्र मोजणीबाहेर बांधू दिले. गाडी बाहेर काढून तिथे खोली केली की ती बोली मोडते: खोलीचे क्षेत्र मोजणीत येत नाही आणि गाडी सार्वजनिक रस्त्यावर येते. ‘इंचभरही बांधले नाही’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो, कारण बांधकाम वाढले नसले तरी वापरातले मोजण्याजोगे क्षेत्र वाढलेले असते. मात्र याच हिशेबात सुटकेची वाटही आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या बंगल्यांनी आपला पूर्ण एफएसआय अनेकदा वापरलेलाच नसतो. शिल्लक असेल तर सुधारित नकाशा सादर करून गॅरेजचे क्षेत्र त्यात मोजून घेता येते आणि गाडीसाठी भूखंडावरच दुसरी जागा दाखवता येते. शिल्लक नसेल तर अधिमूल्याचा मार्ग तपासता येतो. कायदेशीर रूपांतराची खरी किल्ली अशी चटई क्षेत्राच्या तक्त्यात असते, आणि लोक ती वॉर्ड ऑफिसच्या ओळखीपाळखीत शोधत बसतात.

एफएसआयचा हिशेब पैशाने सुटू शकतो. राहण्याजोगेपणाचा हिशेब तसा सुटत नाही, आणि या साऱ्या विषयात मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय इमारत संहितेतले आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. खासगी गॅरेज किमान ३ मीटर बाय ६ मीटर असावे आणि त्याची उंची २.४ मीटर पुरे. राहत्या खोलीची उंची मात्र किमान २.७५ मीटर हवी. इमारतीचे जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर वर हवे. गॅरेजला १५० मिलिमीटर चालते. क्षेत्रफळात गॅरेज सहज उत्तीर्ण होते, कारण राहत्या खोलीला साडेनऊ चौरस मीटर लागतात आणि गॅरेज अठरा चौरस मीटरचे असते. पण बाकी दोन्ही मोजमापांत ते नापास होते, आणि एक दोष काढायला जावे तर दुसरा वाढतो. जोते उंच करायला फरशीखाली ३० सेंटिमीटर भर घातली की २.४ मीटरचे गॅरेज २.१ मीटरचे उरते, म्हणजे जेमतेम सात फूट. तिथे छताचा पंखा लावला तर हात वर करताना भीती वाटावी. भर घातली नाही तर खोली अंगणाच्या जवळपास पातळीवर राहते; पहिल्याच जोरदार सरीला उंबऱ्यातून पाणी आत येते आणि एरवी भिंतींना ओल धरते. संडास बसवला असेल तर त्याहून वाईट गोष्ट घडू शकते. गटार तुंबले की मैल्याचे पाणी सर्वांत खालच्या भांड्यातून उलटे वर येते, आणि घरातले सर्वांत खालचे भांडे आता त्या खोलीत असते. घराच्या मुख्य स्लॅबखालीच असलेल्या गॅरेजला तळमजल्याची पूर्ण उंची मिळते, त्यामुळे तिथे हा पेच सुटू शकतो. कुंपणाला लागून वेगळ्या बांधलेल्या बुटक्या गॅरेजात तो सुटत नाही.

उजेड-वाऱ्याचेही तसेच. संहितेप्रमाणे कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक-षष्ठांश इतकी दारे-खिडक्यांची उघडी जागा हवी. अठरा चौरस मीटरच्या खोलीला कोकणपट्टीत तीन चौरस मीटर लागतील. गॅरेजला तीन बाजूंनी भिंती असतात आणि चौथीकडे शटर. शटर उघडे असताना उजेडाची ददात नसते; पण रूपांतर करणारा त्या जागी भिंत घालतो आणि तिच्यात चार फुटांची एक खिडकी ठेवतो, म्हणजे जेमतेम दीड चौरस मीटर. पलीकडे शेजाऱ्याचे कुंपण असेल तर दुसरी खिडकी काढता येत नाही. अशा खोलीत दिवसभर पंधरा मुलांचा वर्ग चालतो किंवा म्हातारे माणूस चोवीस तास राहते, तेव्हा नियमावलीतला तो अपूर्णांक श्वासाचा प्रश्न होतो.

पाण्याचा धोका या राज्याला नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईच्या उपनगरांतले तळमजले बुडाले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याने काठच्या सोसायट्यांच्या भिंती पाडल्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचा विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. अशा प्रत्येक वेळी पार्किंगमधल्या गाड्या गेल्या. पार्किंगमधले नुकसान मोठे होते, पण ते गाड्यांचे होते. त्या जागी कोणी झोपलेले असते तर हिशेब वेगळा झाला असता. त्याच जुलै महिन्यात दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरात ते दिसले. वाहने आणि सामान ठेवण्यासाठी मंजूर असलेल्या तळघरात स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय चालवले जात होते. रस्त्यावरचे पाणी आत घुसले आणि तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. तळघर आणि तळमजल्याचे गॅरेज यांत फरक आहे, हे खरे. पण दोन्हीकडे चूक एकाच जातीची असते: जी जागा गाड्यांसाठी म्हणून खालच्या पातळीवर आणि एकाच दाराची बांधली, तिच्यात माणसे बसवली.

खांब आणि तुळया हा पुढचा मुद्दा. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा होता, खालच्याला तो नव्हता. सगळा हेलकावा खांबांच्या एका रांगेवर आला. त्यानंतर २००२ मध्ये भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात अशा मोकळ्या मजल्याच्या खांब-तुळयांसाठी अडीच पट बलाची तरतूद आली. यावर कोणी म्हणेल, मग मोकळ्या स्टिल्टमध्ये भिंती घातल्या तर इमारत मजबूतच होईल. विचारपूर्वक, दोन्ही दिशांना समतोल भिंती घातल्या तर हे काही अंशी खरे आहे, आणि अभियंते मजबुतीकरणासाठी तसे करतातही. पण गॅरेजची खोली करणारा फक्त आपल्या वाटणीचा एक कोपरा बंद करतो. एक कोपरा ताठ आणि बाकीचा मजला मोकळा राहिला की भूकंपात इमारत पिळवटते. त्यात दार मोठे करण्यासाठी किंवा खोली रुंद दिसावी म्हणून खांब तासला, तर भूकंपाची वाटही पाहावी लागत नाही. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला चार मजल्यांची इमारत कोसळून सतरा जण गेले. त्या वेळी तळमजल्यावर अंतर्गत फेरबदलाचे काम सुरू होते आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. म्हणून ‘आतलेच काम आहे’ या वाक्याची मला धास्ती वाटते. तळमजल्यावरचे आतले काम वरच्या प्रत्येक मजल्याचे काम असते.

आगीबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या पुनर्वसन इमारतीला पहाटे आग लागली, ती तळाच्या पार्किंगमध्ये. तिथे गाड्यांबरोबर जुन्या कपड्यांचा साठा होता. धूर जिन्याने वर चढला आणि किमान सात रहिवाशांचा जीव गेला. पेट्रोलच्या गाड्या, आता चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकी, आणि त्यांच्यामध्ये प्लायवुडची भिंत घालून केलेली खोली ही रचना कोणत्याही अग्निशमन अधिकाऱ्याला मान्य होणार नाही. जिन्याचे दार या जागेतच उघडत असेल तर साऱ्या इमारतीची सुटकेची वाट अडते.

इथवरचा बहुतेक विचार स्वतःच्या बंगल्यातल्या गॅरेजचा झाला. सोसायटीतल्या पार्किंगचा प्रश्न याहून सोपा आहे, कारण तिथे मालकीच मुळात वेगळी आहे. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात निकाल दिला. दहिसरच्या या संस्थेतल्या स्टिल्टखालच्या गाड्यांच्या जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकू पाहत होता. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात ‘फ्लॅट’च्या व्याख्येत गॅरेजचा उल्लेख आहे, त्याचा आधार त्याने घेतला. न्यायालयाने तो मानला नाही. स्टिल्टखालची जागा गॅरेज नव्हे, ती इमारतीच्या सामाईक सोयींचा भाग आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असा निर्वाळा दिला. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने गॅरेज म्हणजे छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली वाहनाची जागा, अशी व्याख्याच केली. उघडी पार्किंग जागा तिच्याबाहेर ठेवली आणि सामाईक क्षेत्रात घातली. महारेरानेही २०२४ मध्ये विक्री करारात पार्किंगचा आकार आणि ठिकाण नोंदवणे बंधनकारक केले. याचा सरळ अर्थ असा की सोसायटीच्या स्टिल्टमध्ये ‘माझ्या’ पार्किंगला जाळी-शटर लावून खोली करणारा सभासद स्वतःच्या नव्हे तर सगळ्यांच्या जागेत बांधतो. कमिटीची तोंडी संमती, इतकेच काय सर्वसाधारण सभेचा ठरावही त्याला अधिकृत करू शकत नाही. ठराव सभासदांचे आपसातले नाते ठरवतो, मंजूर नकाशा बदलत नाही. सोसायटीचे कार्यालय किंवा पहारेकऱ्याची चौकी यांना नियमावली मर्यादित सवलत देते, पण तीही नकाशात दाखवूनच. या बाबतीत मला कसलीही सवलत सुचवावीशी वाटत नाही.

आता विरोधी मताकडे वळतो, कारण ते दुबळे नाही. पहिले म्हणणे असे: शहरांत माणसांना घरे नाहीत आणि आपण गाड्यांना छत राखून ठेवतो, हे उलटे नाही का? कॅलिफोर्नियाने हा प्रश्न गंभीरपणे घेतला. तिथे २०१६ पासून कायदे बदलत गेले आणि २०२० पासून गॅरेजचे छोटे घर केले तर गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात नवी जागा मागायला स्थानिक संस्थांना मनाई झाली. साठ दिवसांत निर्णय देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. माणसाला गाडीपेक्षा अग्रक्रम देण्याचे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. तिथे पार्किंगची अट सोडली, बांधकामाच्या संहितेतली राहण्याजोगेपणाची अट सोडली नाही. आणि आपल्या गल्ल्यांत पदपथ आधीच गाड्यांनी गिळले आहेत. पार्किंगची सक्ती सैल करणाऱ्या नियमबदलाविरुद्धच्या याचिकेवर ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, जागा नसताना एकाच कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ देऊ नयेत, अशा आशयाचे भाष्य केले होते. २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी पार्किंगच्या जागेचा पुरावा असल्याशिवाय गाडीची नोंदणी नको, अशी भूमिका जाहीर केली. या दिशेने खरोखर पावले पडली तर गॅरेज मोकळे करू पाहणाऱ्या मालकाला एक प्रामाणिक पर्याय देता येईल: गाडी नसेल किंवा भूखंडावर अन्यत्र लावता येत असेल, तर गॅरेज खोलीला द्या.

दुसरे म्हणणे उपजीविकेचे. शिकवणी, शिवणकाम, पोळी-भाजी, छोटा दवाखाना यांवर कुटुंबे चालतात, विशेषतः घर न सोडता कमावणाऱ्या बायकांची. हे नाकारता येणार नाही. पण इथे वापर आणि जागा वेगळे करून पाहावे. डॉक्टर, वकील किंवा शिकवणी घेणारे यांना रहिवासी विभागातही ठरावीक मर्यादेत व्यवसाय करता येतो. आक्षेप त्या कामाला नाही. आक्षेप आहे तो बुटक्या, एका खिडकीच्या, अंगणाच्या पातळीवरच्या खोलीला. तेच काम घराच्या बैठकीत झाले तर नियम आड येत नाही.

तिसरे म्हणणे मला सर्वांत जड वाटते: परवानगी मिळवणे इतके कठीण आहे की बेकायदा राहणेच व्यवहार्य ठरते. १९६६ च्या कायद्यात अर्जावर साठ दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे, पण ती नियमांशी सुसंगत कामापुरतीच. गॅरेज नियमांत बसते की नाही हाच वाद असल्याने कोणी तिच्या भरवशावर राहत नाही. दुसऱ्या टोकाला कलम ५२ मध्ये एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे, आणि त्याच कलमातला दंड दोन ते पाच हजार रुपये. एवढी कडक शिक्षा गॅरेजच्या खिडकीला कोणी लावत नाही, आणि एवढ्या दंडाला कोणी घाबरत नाही. त्यामुळे तिसरी वाट पडली: आधी करून टाका, मग नियमित होईल. गुंठेवारीचा २००१ चा कायदा मूळ १ जानेवारी २००१ पर्यंतच्या कामांसाठी होता. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. २०१७ मध्ये कलम ५२-अ आणून २०१५ अखेरपर्यंतची अनधिकृत बांधकामे तडजोडीने नियमित करण्याची सोय झाली. महापालिका अधिनियमातल्या कलम २६७-अ खाली अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये ती वर्षानुवर्षे थकली, निवडणुकांचा विषय झाली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने माफ केली. शास्ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही हे त्याच कलमात स्पष्ट आहे. तरीही ‘कर भरतो म्हणजे मान्यता आहे’ हा समज पक्का बसलेला आहे. नियमितीकरणाच्या या मालिकेचा सर्वांत मोठा दोष मला असा दिसतो की तिच्यात पैसा मोजला जातो आणि खोलीची उंची मोजली जात नाही. मेरठच्या एका प्रकरणात १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की केवळ काळ लोटला, पैसा गुंतला किंवा अधिकारी गप्प बसले म्हणून बेकायदा बांधकाम वैध ठरत नाही. निवासी भूखंडावर दुकाने उभी राहिल्याचे ते प्रकरण होते, आणि गॅरेजच्या रूपांतराशी त्याचे नाते उघड आहे.

यावरचा उपाय आपल्याच नियमावलीत अर्धा तयार आहे. युडीसीपीआरने जोखमीनुसार परवानगीची पद्धत आणली: दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे घर कमी जोखमीचे मानून मालकाने कागदपत्रे आणि शुल्क भरले की काम सुरू करता येते, त्यापुढे तीनशे चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी. एखादे पूर्ण घर या पद्धतीने उभे राहू शकते, तर स्वतःच्या बंगल्यातले गॅरेज का नाही? माझी मागणी अशी आहे की गॅरेजच्या रूपांतराला नियमावलीत स्वतंत्र कलम द्यावे आणि त्यात प्रकारांचा भेद करावा. घराच्या मुख्य स्लॅबखालचे, पावणेतीन मीटर उंची भरणारे, जोते पुरेसे असलेले, मालकाच्या एकट्याच्या भूखंडावरचे गॅरेज, ज्याचे क्षेत्र शिल्लक एफएसआयमध्ये बसते, त्याला परवानाधारक अभियंत्याच्या संरचना दाखल्यावर आणि उंची-खिडकी-जोत्याच्या मोजमापांवर दहा दिवसांत मंजुरी मिळावी. सामासिक अंतरात, कुंपणाला लागून असलेल्या सुट्या गॅरेजला राहण्यासाठी मंजुरी देऊ नये, कारण तिथला प्रश्न एफएसआयचा नसतो, शेजाऱ्याच्या उजेडाचा आणि अग्निशमनाच्या वाटेचा असतो. पूररेषेतल्या भूखंडावर तळमजल्याची झोपण्याची खोली मुळीच नको. आणि सोसायटीचे स्टिल्ट यातून पूर्ण बाहेर.

असे केल्याने बेकायदा कामांना राजमार्ग मिळेल, अशी शंका नगररचनेतली मंडळी घेतील. ती शंका त्या कलमाच्या अंमलबजावणीवर आहे, तत्त्वावर नाही. आज ही खोली कागदावर अस्तित्वातच नसते, म्हणून तिच्या तपासणीला कोणी येत नाही. नोंद झाली तर उंची मोजली जाईल, खांब पाहिले जातील, भाडेकरूचा करार खऱ्या पत्त्यावर होईल आणि आग लागली तर त्या दारामागे माणसे राहतात हे अग्निशमन दलाला ठाऊक असेल. सोपी परवानगी आणि कडक मोजमाप या जोडीतून जितकी सुरक्षितता मिळेल, तितकी कठीण परवानगी आणि सैल नियमितीकरण यांतून आजवर मिळालेली नाही.

तोवर ज्यांच्या मनात गॅरेजची खोली करण्याचा विचार आहे त्यांनी गवंड्याशी बोलण्याआधी तीन कागद काढावेत: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि खरेदीखत. नकाशात ती जागा पार्किंग म्हणून दाखवलेली आहे का आणि एफएसआय किती शिल्लक आहे, हे आर्किटेक्टकडून तपासून घ्यावे. फरशीपासून स्लॅबपर्यंतची उंची टेप लावून मोजावी. खांबाला हात लावण्याचा विषय संरचना अभियंत्याने लेखी दिल्याशिवाय काढू नये. उंची पावणेतीन मीटर भरत नसेल आणि पावसाळ्यात अंगणात पाणी साचत असेल, तर परवानगी मिळो वा न मिळो, त्या जागेत आईवडिलांना झोपवू नका.